आधी नाव विचारा

महाळुंग्यातल्या शेजाऱ्यांनो, हे आवाहन गावठाणातल्या जुन्या घरांना आहे, तसंच रस्त्याकडेच्या उंच इमारतींनाही आहे.

आपलं गाव फार लवकर बदललं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं, तेव्हा भोवती शेतं होती. मग हिंजवडीचं आयटी पार्क वाढलं. शेतांवर इमारती आल्या. 30 जून 2021 ला आणखी बावीस गावांबरोबर महाळुंगे पुणे महापालिकेत गेलं.

सकाळी सातला कुठल्याही सोसायटीच्या गेटवर उभे राहा. लातूर-नांदेडकडचा सुरक्षारक्षक रात्रपाळी संपवून निघतोय. धुणंभांडी करणाऱ्या मावशी लगबगीनं आत येताहेत. दूधवाला, पेपरवाला, गाड्या पुसणारा मुलगा. शेजारच्या बांधकामावर बंगाल-बिहारकडचे कामगार चढताहेत. कंपनीची बस गाठायला आयटीवाले धावताहेत. या सगळ्यांतून वाट काढत गावातले एखादे आजोबा देवळाकडे निघालेत. ही जमीन कधीकाळी त्यांच्याच घराची होती.

माझं मागणं एवढंच आहे. या प्रत्येकाशी मानानं वागायचं, हे आधीच ठरवून टाका.

ठरवून का? कारण मनाच्या लहरीवर सोडलं तर ते होत नाही. टँकर आला नाही की आपण गेटवरच्या माणसावर ओरडतो. टँकर त्यानं अडवलेला नसतो. पार्सल चुकलं की ते आणणाऱ्या पोरावर ओरडतो. पार्सल त्यानं भरलेलं नसतं. कचेरीत साहेबावर ओरडता येत नाही. मग जो उलट बोलू शकत नाही, त्याच्यावर राग निघतो. तुम्ही मनानं वाईट नसता, घाईत असता. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं. एकदा ठरवलेलं असलं की जीभ क्षणभर थांबते. तेवढंही पुष्कळ होतं.

सुरुवात नावापासून करा.

तुमच्या घरात रोज येणाऱ्या माणसांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत का? मोजून बघा. "ए वॉचमन", "ओ कचरावाली", "ते प्लंबर" ही नावं नव्हेत. विचारा, लक्षात ठेवा आणि त्या नावानं हाक मारा. दादा, काका, ताई, मावशी लावा. वय मोठं असेल तर "अहो" म्हणा. आपल्या मुळशीत आईलाही "अगं" म्हणतात, त्यात माया असते. पण पंचावन्न वर्षांच्या रक्षकाला दहा वर्षांचा मुलगा "ए, गेट उघड" म्हणतो, त्यात माया नसते. त्या मुलाला तिथेच थांबवा. चारचौघांत रागावू नका. घरी नेऊन सांगा.

आणि नाव विचारल्यावर तिथेच थांबा. "आडनाव काय? गाव कुठलं? म्हणजे नेमके कोण?" हे प्रश्न कुठे पोचायला विचारले जातात, ते विचारणाऱ्याला माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या सरकार बदलेल. दारातलं खोदून विचारणं आपल्यालाच बंद करावं लागेल. गावात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनीही हे मनावर घ्या. भाडेकरूचं काम काय, भाडं वेळेवर देईल का, कागदपत्रं खरी आहेत का, हे जरूर तपासा. जात आणि धर्म विचारून खोली नाकारू नका.

दुसरं पाणी.

दारात आलेल्याला पाणी विचारा. एप्रिल-मे मध्ये तर विचारायची वाटही बघू नका. आणि पाणी तुमच्याच पेल्यातून द्या. चहा तुमच्याच कपातून द्या. पुष्कळ घरांत कामाच्या बाईचा कप वेगळा असतो. ओट्याखाली, खिडकीत, बाल्कनीच्या कोपऱ्यात उपडा घातलेला. स्वच्छतेसाठी ठेवलाय, असं सांगतात. पण तुमचे कप तीच बाई घासते. मग तिच्या ओठांना लागलेला एक कप का चालत नाही, याचं उत्तर घरात बसून एकमेकांना द्या.

या कपाचं मूळ जुनं आहे. पुण्यातच, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. पुढे 1970 च्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' या चळवळीसाठी महाराष्ट्र पालथा घातला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. एवढं सगळं होऊनही वेगळा कप आपल्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात येऊन बसलाय. तो आज काढून टाका. त्यासाठी ठराव नको, परवानगी नको.

आता एक गोष्ट, जी बोलायला लोक लाजतात. संडास.

सकाळी आठला आलेली बाई चार घरं करून दुपारी दोनला बाहेर पडते. सहा तास. घरोघरी संडास, काही घरांत तीन-तीन. तिला कुठलाच वापरता येत नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. लघवी कोंडून धरते. त्यातून जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, ताप येतो. पाळीच्या दिवसांत तर तिचे हाल विचारू नका. मग ती सुट्टी घेते, आणि आपण म्हणतो, हिचे खाडे फार होतात.

तिला स्वतःहून सांगा, "मावशी, बाथरूम वापरत जा." ती विचारणार नाही. तिला विचारायची भीती वाटते. म्हणून तुम्हीच सांगा, पहिल्याच दिवशी, आणि घरातल्या सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडणार नाही. सोसायटीतही खाली रक्षक, सफाई कामगार आणि ड्रायव्हर यांच्यासाठी स्वच्छ संडास हवा. बायकांचा वेगळा हवा. आतून कडी हवी, दिवा हवा, पाणी हवं. बिल्डरनं त्यासाठी बांधून दिलेल्या खोलीत आता सामान भरलेलं असेल. ते बाहेर काढा.

तसंच बसायला जागा. बारा तासांची पाळी असलेल्या माणसाला पाठ टेकायला धड खुर्ची हवी. डोक्यावर पत्रा असेल तर पंखा हवा. डबा खायला सावली हवी. बागेतल्या बाकावर घटकाभर बसलेल्या मावशींना उठवू नका. दोन घरांच्या मध्ये त्यांना अर्धा तास मिळतो. तेवढ्यात त्या कुठे जाणार?

लिफ्टचंही सांगतो. काही ठिकाणी पाटी असते. कामवाल्या आणि डिलिव्हरीवाले यांनी ही लिफ्ट वापरू नये, म्हणून. ती पाटी काढायला लावा. फर्निचर, सिमेंटची पोती, सिलिंडर यांच्यासाठी वेगळी लिफ्ट लागते, हे मान्य. मग पाटीवर सामानाचं नाव लिहा, माणसांचं नको. गोणी घेऊन आलेल्या साहेबानंही सामानाच्या लिफ्टनं जावं, आणि हात मोकळे असलेल्या मावशींनी कुठल्याही.

पैशांच्या बाबतीत मान म्हणजे तारीख.

पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. तुमच्याकडून पैसे पाच तारखेला गेले काय आणि दहा तारखेला काय, तुम्हाला फरक पडत नाही. तिच्या घरी पडतो. खोलीभाडं, किराणा, मुलाची फी, भिशी, सगळं त्या तारखेवर टांगलेलं असतं. तुम्ही गावाला गेलात तर तेवढे दिवस कापू नका. काम नको असं तुम्ही सांगितलंत, तिनं नाही. आठवड्याची एक सुट्टी आधीच बोलून ठेवा. आजारपणाचा खाडा धरू नका. उचल दिली असेल तर तिची चारचौघांत आठवण करून देऊ नका. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि सुट्टी, या साध्या गोष्टींसाठी त्यांना रस्त्यावर यावं लागलं. इतक्या वर्षांनी तरी तुमच्या घरात हे मागायची वेळ कुणावर येऊ नये.

2008 मध्ये राज्यानं घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. 18 ते 60 वर्षांच्या घरेलू कामगारांची त्यात नोंदणी होते. अर्ज भरताना अडतं ते कागदांवर. मालकाकडून काम करत असल्याचा दाखला लागला तर तो हसत लिहून द्या. तुमचा मुलगा किंवा मुलगी संगणकावर बसलेली असतेच. अर्धा तास काढून मावशींचा फॉर्म भरून द्यायला सांगा.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. तो उघड्या हातानं कुणीतरी वेगळा करतं, हे डबा भरताना आठवा. आपल्या पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे 2008 मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. त्यातल्या बायकांचं मागणं फार छोटं आहे. ओला आणि सुका वेगळा द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे तो पुडा कुणी उघडणार नाही. फुटलेली काच जाड कागदात बांधून द्या आणि तोंडानं सांगा, "ताई, यात काच आहे." हा मान आहे. फुलं देऊन सत्कार केला नाही तरी चालेल.

यापुढचं मात्र जिवाचं आहे. नीट वाचा.

सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवू नका. कधीच नाही. तो "मी करतो साहेब, हजार रुपये द्या" म्हणाला तरी नाही. 2013 च्या कायद्यानं गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणसाला असं धोकादायक कामाला लावणं गुन्हा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये वाघोलीत एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. वाघोली आपल्याबरोबरच महापालिकेत आलेलं गाव. टाकीतला वायू काही क्षणांत माणसाला पाडतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. म्हणून आधीच ठरवा. सोसायटीच्या कंत्राटात लिहून घ्या की काम शोषण यंत्राच्या गाडीनंच होईल. झाकणाजवळ कुणी एकटं उभं राहू नये. आणि दुर्दैवानं कुणी आत पडलंच, तर मागोमाग उडी घेऊ नका. 101 ला अग्निशमन दलाला फोन लावा. तो लागला नाही तर 112 ला.

आता अवघड प्रसंग. घरातला दागिना सापडत नाही.

पहिला संशय कुणावर जातो, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून अशा वेळी क्रम ठेवा. आधी स्वतःचं घर शोधा. कपाटाचा मागचा कोपरा, प्रवासाची बॅग, पलंगाखाली, लॉकर. घरातल्या प्रत्येकाला विचारा. एक रात्र जाऊ द्या. तोवर कुणाचीही पिशवी उघडू नका, कुणाची झडती घेऊ नका, कुणाला कोंडून ठेवू नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा फोटो टाकू नका. दागिना दोन दिवसांनी उशीच्या अभ्र्यात सापडेल. पण तो फोटो चारशे घरांत पोचलेला असेल, आणि त्या बाईची सगळी कामं सुटलेली असतील. नंतर मागितलेली माफी तिचा महिन्याचा पगार परत आणत नाही. खरंच चोरी झाली आहे असं वाटलं, तर पोलीस चौकीत जा. काय गेलं, कधी दिसलं होतं, एवढंच सांगा. शोधायचं काम त्यांचं.

मान देणं म्हणजे चूक पोटात घालणं नव्हे, हेही सांगतो. काम नीट झालं नाही तर जरूर बोला. पण बाजूला घेऊन बोला. कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. "कोपऱ्यात धूळ राहिली आहे" म्हणा. "तुम्ही लोक असेच" म्हणू नका. हे दोन शब्द, "तुम्ही लोक", जिभेवर आले की ओळखा, आपण चुकीच्या वाटेला लागलो.

याच वाटेवर गाववाले आणि नवे रहिवासीही बरेच पुढे गेलेत. त्याकडे वळतो.

नव्या रहिवाशांनो, जमीन विकून पैसा आला म्हणून गावातल्या पोराला "गुंठामंत्री" म्हणू नका. गाडीवरचं नाव बघून हसू नका. 2018 मध्ये 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आला, तेव्हापासून मुळशीचं नाव सांगितलं की काही जण डोळे मिचकावतात. तो सिनेमा जमीन गेलेल्या घरांचं दुःख सांगत होता. आपण त्यातला फक्त कोयता उचलला. या तालुक्यानं जमिनीसाठी फार सोसलंय. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. त्यानंतरही रस्ता, संकुल, पार्क, टाऊनशिप, प्रत्येक वेळी जमीन कुणाची तरी गेलीच. पैसे मिळाले, हे खरं. पण ज्या आजोबांनी तिथे भात लावला, त्यांना आज तिथल्या गेटवर "कुणाकडे जायचंय?" असं विचारलं जातं. रक्षकाला ते विचारावंच लागतं. तुम्ही तिथून जात असाल तर दोन शब्द बोला. जत्रेला जा. पारावर बसून इथलं जुनं गाव कसं होतं ते विचारा. सांगायला माणसं अजून आहेत.

गावकऱ्यांनो, तुम्हीही ऐका. "बाहेरचे" हा शब्द कमी करा. आज आपल्याकडे जो राहतो, इथे भाडं भरतो, इथल्या दुकानातून मीठ-मिरची घेतो, ज्याचं मूल इथल्या शाळेत जातं, तो किती वर्षं बाहेरचा राहणार? बांधकामावरच्या पोरांना "ए भैया" म्हणून दरडावू नका. ईशान्येकडून आलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरून नावं ठेवू नका. मराठी बोला, त्यांना शिकवा, चुकलं तर सावरून घ्या. चार शब्द मोडकेतोडके बोलणाऱ्याला आपण हसलो, तर पाचवा तो बोलणार नाही. आपलीच मुलं नोकरीसाठी बंगळुरूला, दुबईला, जर्मनीला गेलीत. तिथे कुणी त्यांच्याशी कसं वागावं असं तुम्हाला वाटतं, ते मनात आणा.

आणि जे स्वतः गेटवर, ऑफिसात, साइटवर काम करतात त्यांनाही सांगणं आहे. सुपरवायझर तुमच्यावर ओरडतो. तो ओरडा तुम्ही डिलिव्हरीच्या पोरावर काढू नका. मुकादम मिस्त्रीला बोलला, म्हणून मिस्त्रीनं बिगाऱ्याला बोलू नये. वरून आलेलं खाली ढकलत गेलं की शेवटी ते घरी बायकोपर्यंत आणि मुलांपर्यंत पोचतं.

तेव्हा घराकडे येऊ. बाहेर सगळ्यांना "अहो" म्हणणारा माणूस घरात शिवी देत असेल, तर मुलं शिवीच शिकतात. आपल्याकडच्या बहुतेक शिव्या आई-बहिणीवरून आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर 2024 मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. गावानं एकत्र बसून हे ठरवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही घरापुरतं ठरवा. दंड किती तो मुलांना ठरवू द्या. ती तुमच्यावर बारीक लक्ष ठेवतील, खात्री बाळगा.

घरात कुणी विधवा असेल, काकू, वहिनी, मोठी बहीण, तर तिला शुभकार्यात मागे उभं करू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी कराल, तेव्हा त्यांची नावं घाला. कामाच्या मावशींचंही घाला. त्यांना दारात वाण देऊन पाठवू नका. आत बोलवा, बसवा, इतर बायकांच्या शेजारी.

घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना मोबाइल खाली ठेवा. ऐकू कमी येतं म्हणून ओरडू नका. जवळ जाऊन सावकाश बोला. सुनेला पाहुण्यांसमोर टोचून बोलू नका, आणि सुनांनीही सासूची नक्कल मुलांसमोर करू नये.

शेवटी एक काम देतो. सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. त्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं. यंदा विषयपत्रिकेत एक विषय आधीच लिहून द्या. मजकूर असा चालेल:

"आपल्या आवारात काम करणाऱ्या सर्वांसाठी पिण्याचं पाणी, स्त्री-पुरुषांचे वेगळे स्वच्छ संडास, बसायला व जेवायला सावलीची जागा राहील. माणसांना मनाई करणारी लिफ्टमधली पाटी काढली जाईल. कंत्राटदारानं पगार ठरल्या तारखेला दिला की नाही, हे समिती दर महिन्याला तपासेल. सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवला जाणार नाही. कुणाबद्दल तक्रार असल्यास ती समितीकडे लेखी द्यावी, ग्रुपवर फोटो टाकू नये."

गावठाणात सोसायटी नाही, पण मंडळं आहेत. गणपतीच्या आधी बैठक होतेच. मांडव, वर्गणी, मिरवणूक यांच्याबरोबर हेही काढा. मंडपात रात्री राखण करणाऱ्याचं जेवण आणि ढोलपथक गेल्यावर रस्ता झाडणाऱ्या ताईंची मजुरी, हे खर्चाच्या यादीत वरच लिहा.

ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. सूचक म्हणून तुमचं नाव घाला. अनुमोदनासाठी शेजारचं दार वाजवा, आणि तिथेही आधी नाव विचारावं लागलं तर विचारा.